चार्ज न घेता लिहिणारे लेखक

रसायनीपासून कर्जतपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात अंतराळाची काळजी वाहणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या धाकट्या बहिणीचा सासरा आहे. बाकीच्यांना भाताची, पोरांच्या ॲडमिशनची आणि चौकच्या फाट्यावरच्या ट्रॅफिकची काळजी असते. आमचे तात्या मात्र तोंडात ब्रश घेऊन अंगणात उभे असतात आणि कुठल्याशा ग्रहावर अडकलेल्या माणसांना अजून कोणी आणायला गेलं नाही म्हणून बेचैन असतात. मोहोपाड्याला त्यांचं घर आहे. रसायनीतल्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले, शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांत तो कारखानाही बंद पडला. आपण सुटल्यावर कारखान्याला करमलं नसावं, असं ते म्हणतात आणि त्यात त्यांना गंमत वाटत नाही.

हे वेड लागलं तेही कारखान्यातच. नवी यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर जाताना कंट्रोल रूममध्ये एक इंग्रजी कादंबरी विसरून गेला. तिकडच्या कुठल्याशा जुन्या टीव्ही मालिकेतलं एक अंतराळजहाज, त्याचा कप्तान, सहा हातांचा एक मेकॅनिक आणि बाकीची मंडळी तिच्यात होती. मालिका कधीच संपली, पण तीच माणसं घेऊन निरनिराळे लेखक आजतागायत कादंबऱ्या लिहितायत, आणि तात्या त्या आजतागायत वाचतायत. मूळ मालिकेचा एक भागही त्यांनी पाहिलेला नाही. मी एकदा मोबाईलवर दाखवायला गेलो तर त्यांनी हातानेच तो बाजूला सारला. म्हणाले, "नको पाव्हणं. आमचा कप्तान आमी बगितलाय." इंग्रजी त्यांनी शिकलं ते यंत्रांच्या मॅन्युअलमधून आणि या पुस्तकांतून. त्यामुळे व्हॉल्व्ह आणि ग्रह या दोन विषयांवर ते अडत नाहीत, मधल्या जगाचं इंग्रजी मात्र त्यांना फारसं येत नाही.

पुस्तकं माझ्या पत्त्यावर येतात. कुरियरवाल्याला माझं भिसेगाव सापडतं, तात्यांची आळी सापडत नाही. पार्सल आलं की मी फोन करतो, ते "फोडू नका" एवढंच बोलून फोन ठेवतात आणि तासाभरात दारात हजर होतात. चहाही घेत नाहीत. एरवी आमच्याकडे आले की दोन कप चहा पिणारा हा माणूस.

वाचण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. पुढ्यात पुस्तक, शेजारी कारखान्यातल्यासारखं लांबलचक रजिस्टर, आणि कानावर पेन. त्यात ते पान क्रमांक घालून नोंदी करतात. 'इंजिन गरम झाले. कोणी पाहिले नाही. निष्काळजीपणा.' 'कप्तानाने वरिष्ठांना न कळवता निर्णय घेतला. योग्य केले.' प्रेमाचे प्रसंग त्यांना फार खपत नाहीत. तिथे शेरा असतो, 'याने उत्पादनात काय फरक पडला?' माझी बहीण म्हणते की या एका शेऱ्यावरून सासूबाईंचा सगळा संसार कळतो.

त्यांची मतं ठाम आहेत आणि ती सगळी एका गोष्टीवर उभी आहेत, ती म्हणजे चार्ज. शिफ्ट बदलताना आधीच्या माणसाची वही वाचल्याशिवाय नव्याने यंत्राला हात लावायचा नाही, हा तात्यांचा आयुष्यभराचा धर्म. एकच जग दहा लेखक लिहितात म्हणजे दहा शिफ्टा झाल्या. मग नव्या लेखकाने आधीच्याचं वाचूनच पेन उचलायला पाहिजे. "मागल्या पुस्तकात त्या मेकॅनिकचा येक हात तुटला," ते मला परवाच्या एका कादंबरीबद्दल तावातावाने सांगत होते, "आनि ह्या पुस्तकात परत सा हातांनी काम करतोय! आरं, चार्ज कोणी दिला रं ह्याला?" चित्रपट आला की जे घाईघाईने त्याचीच कादंबरी काढतात, त्यांच्यावर तर त्यांचा विशेष राग. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी बसून महिन्याचं रजिस्टर भरणारी माणसं त्यांनी पाहिली आहेत, आणि तसलं लिखाण आपल्याला वासावरून कळतं असा त्यांचा दावा आहे. हल्लीच्या लेखकांबद्दल त्यांची आणखी एक तक्रार अशी की त्यांची पात्रं नुसती मनातल्या मनात बोलतात. "समदे खिडकीत बसून दुखी. मंग जहाज कोन चालवतंय?" पण माणूस न्यायी आहे. एका नव्या लेखिकेने जहाजाच्या पोटात काम करणाऱ्या फिटर लोकांवर सबंध कादंबरी लिहिली, तेव्हा तात्यांनी मोहोपाड्याच्या बाजारातून पेढे आणून आळीत वाटले. लोकांना वाटलं, नातू पास झाला.

खालापूरला एका हळदीत तर कमालच झाली. सगळे नाचत होते आणि तात्या खुर्चीत तोंड पाडून बसले होते. शेजारच्या आजींनी विचारलं, "काय झालं रं दादा?" तात्या म्हणाले, "काय सांगू आत्या, कप्तान बायकोला सोडून गेला. येवडा वीस वर्सांचा संसार, आनि कारन काय तं कायच नाय." आजी हळहळल्या, मुलंबाळं किती म्हणून विचारलं, आणि आपला पुतण्या पंचायतीत आहे, तो दोघांना समोर बसवून समजावील, असं सांगू लागल्या. तात्यांनी थोडा वेळ खरंच विचार केला. मग म्हणाले, "ऐकायचा नाय. लेखक नवा हाय."

असा हा आनंदाचा कारभार चालला होता, आणि मध्यंतरी बातमी आली की त्या जहाजाची नवी मालिका निघणार. तिची गोष्ट वेगळी असणार, म्हणून आजवरच्या कादंबऱ्यांत जे घडलं ते घडलंच नाही असं धरायचं. वाचकांचा निरोप घ्यायला तीन खंड तेवढे काढणार आणि दुकान बंद. पहिले दोन खंड तात्यांनी वाचले. तिसरा मी स्वतः नेऊन दिला, तर त्यांनी तो न फोडता तांदळाच्या पिंपावर ठेवून दिला.

महिनाभराने बहिणीचा फोन आला. "दादा, तू ये रे एकदा. बाबा जेवतात, फिरायला जातात, पण वाचत नाहीत. घर कसं ओकंओकं वाटतं." जी बाई इतकी वर्षं त्या पुस्तकांच्या धुळीच्या नावाने बोटं मोडत होती, तिचा हा फोन.

मी गेलो. तात्या ओटीवर रिकामे बसले होते. आपणहूनच बोलू लागले. कारखाना बंद झाला तेव्हा सामान काढताना त्यांना बोलावलं होतं. गेटवर रद्दीचा टेंपो उभा होता आणि त्यात सगळ्या शिफ्टांच्या वह्या भरत होते. "दर तासाला लिवलंय हो आमी. कोनाचा बाप मेला तरी लिवलंय. त्या भरनाऱ्यानं येक वही तरी उघडून बगावी! नाय बगितली." मग पिंपाकडे बोट करून म्हणाले, "ह्या लेखकानं पन तसंच केलं आसंल तं? मला नाय बगायचं परत." अंतराळावरून मी आजवर त्यांची पुष्कळ थट्टा केली होती, तिची त्या वेळी लाज वाटली.

मार्ग काढला तो बहिणीने. ती आतून आली, तिने पिंपावरचं पार्सल उचललं, टराटरा फोडलं आणि ओटीवर बसकण मारली. "तुम्ही नाही ना वाचत? मग मी वाचते," ती म्हणाली, "आणि शेवट काय आहे ते जेवायला वाढताना सांगते." असं म्हणून तिने सरळ शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून मोठ्याने इंग्रजी वाचायला लागली. तात्या या वयात एवढ्या चपळाईने उठू शकतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पुस्तक तिच्या हातातून ओढून घेत ते ओरडले, "आगं ये, शेवट आधी वाचतात का गं!" आणि तसेच आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने रजिस्टर मागितल्याचा आवाज आला.

चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा पुस्तक एका पानावर उघडं होतं आणि तात्या चष्मा पुसत होते. शेवटी जहाज कायमचं धक्क्याला लागतं, तेव्हा निरोपाला जुनी मंडळी जमतात, असा तो प्रसंग होता. त्या गर्दीत एका ओळीपुरता एक म्हातारा स्वयंपाकी उभा होता, हातात झाकण घेऊन. हा स्वयंपाकी म्हणे अगदी पहिल्या कादंबरीत एका पानापुरता होता. दोनदा मीठ घातलं म्हणून बोलणी खाल्ली आणि पुढच्या तळावर झाकण हातात घेऊन उतरून गेला. त्यानंतर इतक्या वर्षांत एकाही लेखकाला त्याची आठवण झाली नव्हती.

"वाचलंय हो ह्यानं," तात्या म्हणाले. "पयल्यापासनं समदं वाचलंय." आणि रडले. रजिस्टरमध्ये त्या पानापुढे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, नुसती सही केली होती.

ते आता पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसणार आहेत. नव्या मालिकेवरच्या कादंबऱ्या निघाल्या तर त्याही मागवा म्हणालेत, "पोरं नवी हायत, शिकतील." पण पहिली कादंबरी त्यांनी आधी मला दिली. तीच ती, इंजिनियर विसरून गेलेली. खरं सांगायचं तर कादंबरी सुमार आहे, आणि माझं इंग्रजीही यथातथाच. रोज दोनचार पानं करत काल रात्री त्या स्वयंपाक्यापर्यंत आलो. त्याला सगळे बोलतात आणि तो गुपचूप उतरून जातो, एवढंच आहे तिथे. ते पान मी दोनदा वाचलं.