लिफ्टपर्यंतची सोबत

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आज्जी, व्हॉट डिड यू ॲक्चुअली डू ऑल डे?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. आई वाचून दाखवेल. यातल्या पेशंटच्या ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. आमच्या कामात ते पाळावंच लागतं.

मी अबू धाबीत समुपदेशक होते. लोक समोर बसून मनातलं बोलायचे, मी ऐकायचे. आमचं क्लिनिक तेव्हा एका जुन्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये होतं. मालकीण स्वतः डॉक्टर, केरळच्या. तुमची आई शाळेतून आली की मागच्या खोलीत गृहपाठाला बसायची आणि एसीच्या घरघरीत वहीवर डोकं टेकून झोपायची. दुपारी वेलची घातलेला चहा सगळ्यांना मिळायचा, पेशंटलाही. दोन पेशंटच्या मध्ये डॉक्टर मुद्दाम थोडा वेळ मोकळा ठेवायच्या. त्या वेळात मी आलेल्या माणसाला लिफ्टपर्यंत सोडायला जायचे.

त्याला कारण होतं. आपली मराठी माणसं खुर्चीत बसून ऑफिसचं, मुलांच्या मार्कांचं, गावाकडच्या घराच्या गळतीचं बोलतात. मग उठतात, "येतो मॅडम" म्हणतात आणि मुख्य गोष्ट निघता निघता काढतात. आपल्याकडचे पाहुणे कसे निरोप घेतल्यावर दारात उभे राहून खरं बोलायला लागतात, तसंच.

पुढे डॉक्टर निवृत्त होऊन केरळला परतल्या आणि क्लिनिक एका कंपनीने घेतलं. आम्ही काचेच्या इमारतीत गेलो. कॉफीचं मशीन आलं, चहा गेला, मधला मोकळा वेळही गेला. नवा मॅनेजर दिल्लीकडचा, तरुण आणि अदबीचा.

"मॅम, लिफ्ट के पास वाला टाइम इन्शुरन्स पे नहीं करता."

"माझं निम्मं काम तिथेच होतं," मी इंग्रजीत सांगितलं.

"तो वो काम रूम में कर लीजिए ना," तो हसून म्हणाला. त्याच्याकडेही वरून कुणीतरी दर आठवड्याला आकडे मागत होतं, म्हणून मी वाद वाढवला नाही. लिफ्टपर्यंत जाणं मात्र सोडलं नाही.

त्या दिवसांत एक इंजिनिअर यायचा. मूळचा रत्नागिरीकडचा, राहायला अल रीम आयलंडवर, बऱ्याच वरच्या मजल्यावर. वडील वारले तेव्हा त्याच्या प्रोजेक्टचं हँडओव्हर चालू होतं, त्याला जाता आलं नाही. तेव्हापासून झोप उडालेली. खुर्चीत तो फक्त झोपेबद्दल बोलायचा. एकदा लिफ्टचं बटण दाबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, बाल्कनीला कुलूप लावलंय हल्ली. किल्ली हिच्याकडे दिलीय."

लिफ्ट आली आणि रिकामी गेली. मी त्याला परत खोलीत घेऊन गेले. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडून औषधं सुरू झाली, आणि तो नेमाने यायला लागला.

काही आठवड्यांनी, आणखी भेटी मंजूर कराव्यात म्हणून केलेल्या अर्जावर विमा कंपनीचं उत्तर आलं: पेशंट बरा आहे, पुढच्या भेटींची गरज नाही. मी चक्रावले. दर काही भेटींनंतर रिसेप्शनवर पेशंटकडून एक प्रश्नावली भरून घेत आणि ती परस्पर विमा कंपनीकडे जाई. झोपेचा त्रास होतो का, जीव नकोसा होतो का, असे प्रश्न. त्याने सगळीकडे "अजिबात नाही"वर खूण केली होती. मी त्याला फोन लावला.

"अहो मॅडम, त्यावरून तुमचं रेटिंग ठरतं असं रिसेप्शनवर कळलं. तुम्ही माझ्यासाठी इतकं करता, तुमचे मार्क मी कशाला कापू?"

"आणि बाल्कनी?"

"ते आहेच हो," तो म्हणाला. "पण विमावालेच पुरे म्हणतायत, तर तुम्हालाही तसंच वाटत असेल. आता नाही येत."

"उद्या जेवणाच्या सुट्टीत या," मी म्हटलं, "आणि बायकोला घेऊन या."

दोघं आली. मी नवी प्रश्नावली पुढे ठेवली. झोपेच्या प्रश्नावर त्याने खरी खूण केली. जीव नकोसा होण्याच्या प्रश्नावर पेन थांबलं. त्याने कागद बायकोकडे सरकवला. "तूच सांग."

"मी काय सांगू? तुम्हाला विचारलंय," ती म्हणाली. मग कागदाकडे बघत हळूच म्हणाली, "रोज. जवळजवळ रोजच."

त्याने मान हलवली आणि तिथे खूण केली.

ती प्रश्नावली मी विमा कंपनीला पाठवली, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. मागच्या महिन्यात बरा असलेला माणूस एकदम इतका कसा बिघडला, असा त्यांचा रास्त प्रश्न. मी सांगितलं, तो तेव्हाही बरा नव्हता. आमच्याकडे कुणी विचारलं की बरं आहे म्हणायची रीत आहे, आणि ज्याचे उपकार वाटतात त्याला तर तसंच सांगतात. मग त्यांनी विचारलं, "आत्ता त्याच्याजवळ कोण असतं?" तेव्हा मला धीर आला. भेटी मंजूर झाल्या. फार नाही, पण झाल्या, आणि संपत आल्या की मी पुन्हा भांडायचे.

माझं रेटिंग घसरलं. मॅनेजरने काळजीने आकडा दाखवला. इंजिनिअरला ते कुठूनसं कळलंच. पुढच्या भेटीत खुर्चीत टेकता टेकता तो म्हणाला, "काय मॅडम, नापास झालात म्हणे."

"काठावर पास," मी म्हटलं. "बसा. काल झोपलात का?"

"नाही," तो म्हणाला. "काल वडिलांची फार आठवण आली. सांगू?"