बाभळीच्या मुठीचा कॅमेरा

फोटो स्टुडिओत दोन गोष्टी साचतात. लोकांनी न नेलेले पासपोर्ट फोटो आणि किस्से. फोटो मी दिवाळीच्या साफसफाईत टाकून देते. किस्से टाकवत नाहीत. म्हणून जो कोणी चहाला थांबतो त्याला ऐकवते. आज तुम्ही सापडलात, बसा.

शहापूरला स्टँडच्या मागे माझा स्टुडिओ आहे. आमची टोळी तिघांची. मी शैला, दुकान सांभाळते, अल्बम करते आणि बाकीच्या दोघांवर ओरडते. नंदू शेणव्याचा, लग्नं आणि हळदी त्याच्याकडे. आणि किसन, धसईच्या बाजूच्या वाडीतला. कबड्डी, क्रिकेट, बैलगाडा शर्यती, जे जे पळतं आणि पडतं ते सगळं किसनचं. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुके पालथे घाला, त्याच्यासारखा खेळाचा फोटो काढणारा मिळायचा नाही. हे मी त्याला सांगत नाही. बाकी सगळ्यांना सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सीझन नसला की किसन गवताच्या वखारीत कामाला जायचा. मागच्या वर्षी गठ्ठे दाबायच्या प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलं. कॅमेऱ्याचं बटण दाबायचं तेच बोट. दवाखान्यातून सुटून आला, दुकानात त्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ताई, आता मी पासपोर्ट फोटूच काढीन. मान्सा बसलेली असतात, हलत नाय."

मला असा राग आला होता! त्याचा नाही, त्या प्रेसचा.

*

त्या अपघाताच्या थोडं आधी आम्ही तिघांनी मिळून नवा मिररलेस कॅमेरा घेतला होता. जुन्या कॅमेऱ्यात आत एक आरसा असायचा, फोटो काढला की तो वरखाली व्हायचा आणि खटॅक असा आवाज यायचा. ह्याच्यात आरसाच नाही. आवाज बंद ठेवला तर फोटो निघाल्याचं काढणाऱ्यालाही कळत नाही.

नंदू तो पहिल्यांदा घेऊन गेला तो एका हळदीला. नवऱ्याच्या आजीला मधे बसवलं, मागे तीन रांगा उभ्या केल्या आणि फोटो काढले. काढून झाले तरी कोणी हलेना. सगळे श्वास रोखून उभे. नंदू म्हणाला, "झाला फोटू." आजी ओठ न हलवता म्हणाली, "वाजला नाय."

नंदूने स्क्रीनवर फोटो नेऊन दाखवला. आजी म्हणाली, "ह्यो नको. वाजंल त्यो काढ."

शेवटी नंदूने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तोंडाने मोठ्याने "खटॅक" केलं. तेव्हा कुठे माणसं जागची हलली. अजूनही हळदीला तो तोंडानेच वाजवतो. परवा एकाने त्याला म्हटलं, "जरा हळू वाजव, बॅटरी उतरंल."

*

ह्या कॅमेऱ्याचं दुसरं कौतुक म्हणजे बर्स्ट. बटण दाबून धरलं की एका सेकंदात वीस-वीस फोटो निघतात. खेळासाठी आहे ते. पण नंदूच्या हातात दिलं, त्याने लग्नाला वापरलं. अंतरपाट खाली आला आणि ह्याने बटण दाबलं ते नवरीने हार घालून खाली बसेपर्यंत सोडलंच नाही.

मी म्हटलं, निवडून दे. त्याने आळस केला आणि सगळंच्या सगळं पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. आपल्याकडे लग्नाचे फोटो आले की अख्खी वाडी टीव्हीपुढे बसते. नवऱ्याच्या भावाने रिमोटचं बटण दाबून धरलं आणि फोटो भराभर पळायला लागले. हात वर, हार वर, हार गळ्यात. सगळे खूश. रिमोट उलटा दाबला तर हार गळ्यातून निघून नवरीच्या हातात परत!

नवरीची सासू उठून नंदूला फोन करते, "अरे, लगीन मोडतंय ना रे, थांबव ते."

*

किसनचं बोट गेल्यावर क्रिकेटच्या सामन्याला मी नाइलाजाने नंदूला पाठवलं. टेनिस बॉलची स्पर्धा, फायनल, एका पोराने शेवटच्या चेंडूला छक्का मारला आणि नंदूने तो बरोब्बर टिपला. फक्त हळदीला लावलेलं ते मुकं सेटिंग त्याने बदललं नव्हतं. त्या सेटिंगवर कॅमेरा फोटो वरून खाली असा ओळीओळीने वाचत जातो. तेवढ्या वेळात वस्तू जोरात फिरली की फोटोत ती वाकडी येते.

बॅट आली केळ्यासारखी वाकडी. नंदूने तो फोटो तसाच ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी तो पोरगा बॅट आणि फोटो घेऊन बॅटच्या दुकानात उभा. "ही बॅट मऊ लागली. बघा, मारताना वाकली." दुकानदार बॅट आडवी धरतो, उभी धरतो, एक डोळा मिटून बघतो. त्याला काही समजेना. शेवटी त्याने ती बदलून दिली.

हे ऐकून किसन वखारीतल्या अपघातानंतर पहिल्यांदा हसला. हसता हसता डाव्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाला, "नंद्या, तू नको जात जाऊ रे खेळाला." मला तेव्हाच कळलं, हा परत जाणार.

*

जाणार म्हणजे काय, सोपं नव्हतं ते. बोट नाही म्हणून तो मधल्या बोटाने बटण दाबायला लागला. मग पकडायला उरली दोनच बोटं. हे मिररलेस कॅमेरे आकाराने आटोपशीर, कोणा नाजूक हाताच्या मापाने केलेले. किसनचा हात नांगर धरणारा. करंगळी खाली हवेत लोंबायची, कॅमेरा उजवीकडे कलायचा.

सराव अंगणात चालायचा. किसनची मुलगी जया मुरबाडच्या कॉलेजात शिकते आणि कबड्डी खेळते. ती अंगणात चढाईला निघायची, कोंबड्या सैरावैरा पळायच्या आणि हा फोटो काढायचा. सगळे फोटो तिरके. एकदा जया ते माझ्या कॉम्प्युटरवर बघत होती. म्हणाली, "बाबा, आपलं अंगण डोंगरावर कदी नेलंत?"

किसन तडक उठला. घरी गेला, कोयत्याच्या मुठीला ठेवलेला बाभळीचा तुकडा घेतला आणि तासायला बसला. स्वतःच्या तीन बोटांच्या मापाची मूठ केली, करंगळीला खाली खाच केली आणि कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसवली. मी हातात धरून बघितली. माझ्या हाताला ती बिलकूल बसेना. त्याच्या हातात कॅमेरा असा बसला की काढून घ्यावासा वाटेना.

एक चूक झाली होती. बॅटरीचं झाकण मुठीखाली गेलं. पहिल्याच सामन्यात बॅटरी संपली आणि आम्ही मैदानभर स्क्रू ड्रायव्हर मागत फिरलो. शेवटी एका रिक्षावाल्याने दिला. मग मुठीला खिडकी पाडली.

त्याच मैदानावर कल्याणचा एक फोटोग्राफर भेटला. मोठी लेन्स, खिशांचं जाकीट, सगळं होतं त्याच्याकडे. बराच वेळ त्या मुठीकडे बघत होता. न राहवून त्याने विचारलं, "ग्रिप मस्त आहे. कंपनी कुठली?"

किसन म्हणाला, "बाभूळ."

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि शोधायला लागला.

*

बैलगाडा शर्यतीचंही सांगते. हा कॅमेरा स्वतः डोळा शोधतो आणि त्याच्यावर फोकस धरतो. माणसाचा शोधतो तसा जनावराचाही. किसनने मुरबाडच्या बाजूला एका शर्यतीत पहिल्या आलेल्या गाड्याचा फोटो काढला. बैलाच्या पापण्यांचे केस मोजून घ्या इतका स्वच्छ. आणि मागे हाकणारा मालक पार धुरकट.

किसन खट्टू झाला. मी म्हटलं, मालक ओरडणार, दुसरा दाखवू. मालक आला, फोटो बघितला, बराच वेळ बघितला. मी आपली आधीच, "दादा, तुमचा चेहरा जरासा..." असं सुरू केलं.

"माजा कशाला?" तो म्हणाला. "पलाला कोन?"

भिंतीएवढा करून घेऊन गेला.

*

आता धसईचं.

धसईला दरवर्षी कबड्डीचे सामने भरतात आणि फोटो किसनचे, हे ठरलेलं. ह्या वर्षी कमिटीने कल्याणच्या त्याच फोटोग्राफरला बोलावलं. कमिटीतले एक दादा किसनला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको. तुझ्या हाताचं असं झालं. तू खुर्चीवर बसून बघ." दादा मनाने वाईट नाहीत. पण किसनचं तोंड मी बघितलं आणि मला खूप लागलं. तो एवढंच म्हणाला, "बघतो ना. कॅमेऱ्यातून बघतो." आणि खुर्ची सोडून कोपऱ्यात मांडी घालून बसला. नंदू आणि मी त्याच्या मागे. यंदा इथे फोटो जमला तर कमिटी परत बोलावणार, नाहीतर किसन कायमचा पासपोर्टवाला होणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मुलींची फायनल दुपारी होती. एका बाजूला जयाचा संघ. दोन्ही संघांचे गुण सारखे आणि शेवटची चढाई जयाची.

जया निघाली तसं कल्याणवाल्याने बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. असं केलं की कॅमेऱ्याचं पोट भरतं. आधीचे फोटो कार्डात उतरेपर्यंत तो पुढचे घेत नाही. जया मधे घुटमळत होती, हूल देत होती, आणि त्याचा कॅमेरा थांबला. किसनने अजून बटणाला हात लावला नव्हता. अंगणात त्याने ही चढाई इतक्यांदा बघितली होती की पोरगी कधी झेप घेणार ते त्याला तिच्या खांद्यावरून कळतं. खांदा कलला आणि त्याने दाबलं.

जया बाजूच्या रेषेला लागून झेपावली, कोपऱ्यातल्या मुलीला शिवली आणि मधली रेषा गाठली. पंचांनी गुण दिला. मैदान उठलं. पोरींनी जयाला खांद्यावर घेतलं.

किसन स्क्रीनवर फोटो पुढे करत होता. एक, मग दुसरा, मग तो थांबला. मी वाकून बघितलं. जयाचा पाय बाजूच्या फक्कीच्या रेषेच्या पलीकडे टेकलेला, बोटांखालून पांढरी फक्की उडालेली, आणि हात त्या मुलीपासून वीतभर लांब. पुढच्या फोटोत हात लागलेला. म्हणजे पाय आधी बाहेर गेला, शिवली नंतर. जया बाद होती. त्या बाजूच्या पंचांपुढे दुसरी खेळाडू आली होती, त्यांना ते दिसलंच नव्हतं. इतक्या पटापट फोटो निघाले नसते तर आम्हालाही आधी काय आणि नंतर काय ते कळलं नसतं.

आणि फोटो असा की काय सांगू. सरळ, स्वच्छ, फक्कीचा कण न् कण वेगळा. मला रडू यायला लागलं आणि कशाचं येतंय तेही कळेना.

नंदू हळूच म्हणाला, "किसन, डिलीट मार. कोनी बघितला नाय."

किसन त्याच्याकडे वळला. "बोट गेल्यापासून पयला असा फोटू आलाय, नंद्या. पयला. ह्यो डिलीट मारू?"

"मंग ठेवून काय करशील?"

किसनने स्क्रीनवर तळहात ठेवला आणि बसून राहिला.

तेवढ्यात जया धावत आली. घामाने निथळत होती. "बाबा, आला का माजा फोटू? दाखवा ना."

किसनने हात काढला. तिने फोटो बघितला. मग बोटांनी मोठा केला, पाय बघितला. एक मागे गेली, एक पुढे आली. तिचं हसू गेलं. मग परत त्याच फोटोवर आली आणि बघत राहिली.

"पाय भायेर हाय, बाबा."

"हां गो."

तिने त्याच्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि पंचांच्या टेबलाकडे चालायला लागली. किसन उठला नाही. तिच्या संघातल्या पोरी मागून हाका मारत होत्या, तिने वळून बघितलं नाही.

टेबलावर माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळं मैदानाने आणि कमिटीनेही ऐकलं. पंचांनी फोटो मागेपुढे करून बघितले. म्हणाले, "पोरी, हे दाखवून तू हरतेस. कळतंय ना तुला?"

"कळतं सर."

"मग? हा फोटो काढला कोणी?"

"माज्या बाबांनी. बोट नाय त्यांना. तरी बघा ना सर, कसला काढलाय."