टेबल हलत असताना

बारावीच्या वर्षी लातुरात मला सगळ्यात जास्त धास्ती कुठल्या विषयाची नव्हती, बाकाची होती. पेपर चालू असताना मी बाकावर बसून राहीन की उठून पळेन, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा मी अंगणवाडीच्या वयाचा होतो. त्या पहाटेचं मला फारसं आठवत नाही. पण पुढं ज्या नव्या वसाहतीत वाढलो, तिथल्या सवयी अंगात मुरल्या. आमच्याकडं दाराला आतून कडी लावत नसत. काही थरथरलं की हातातलं टाकून आधी मोकळ्यावर यायचं, काय झालं ते मग विचारायचं. शेजारची एक बाई चुलीवरचं दूध उतरवायला थांबली, तर आई तिच्यावर केवढी चिडली होती. "दूध ऱ्हाऊ दे, आधी तू भाईर ये!" आमच्या गावात हेच शहाणपण होतं आणि ते आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

लातूरला क्लाससाठी आलो तर तिथं दिवसभर काही ना काही थरथरत असायचं. लोडशेडिंग सुरू झालं की दुकानादुकानांतले जनरेटर, रस्त्यावरचे टँकर, जिन्यावरून धावणारी पोरं. एका रविवारी टेस्ट चालू असताना खालून टँकर गेला आणि बाक हलला. भानावर आलो तेव्हा मी खाली रस्त्यावर अनवाणी उभा होतो, हातात पेन तसंच. वर गेलो तर सरांनी आत घेतलं नाही. ते रागावले मात्र नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळा, प्रवेश परीक्षेत मधेच बाहेर गेलेल्याला परत घेत नाहीत. वर्ष जातं." आमच्या घरातून तोवर कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. माझं एक वर्ष गेलं असतं, तर दुसरं मागायला मला तोंड नव्हतं.

माझा रूम पार्टनर उदगीरचा होता. टेस्ट संपली की तो मला नेट कॅफेत ओढून न्यायचा. ब्राउझरमध्येच उघडणारा कार्टूनच्या मारामारीचा एक गेम होता. लोडिंगची पट्टी भरेपर्यंत तो बोटं मोडत बसायचा. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचं. बाणांच्या कळा त्याच्या, डावीकडची अक्षरं माझी. तो हातमोजे घातलेला ससा घ्यायचा, मी ढेरपोट्या बेडूक. सुरुवातीला मी सगळ्या कळा एकदम बडवायचो. कॅफेवाले काका गल्ल्यावरून ओरडायचे, "मालक, कीबोर्ड हाय तो! मिरच्या कांडायलाव का?"

हळूहळू कळायला लागलं. बेडूक जड, त्याची उडी उशिरा उठते, म्हणून त्यानं उड्यांच्या नादी लागू नये. ससा हवेत गेला की थांबायचं आणि तो जमिनीला टेकला रे टेकला की खालून लाथ. खाली, पुढं आणि बुक्की या कळा लागोपाठ दाबल्या की बेडकाची लांब जीभ बाहेर यायची. आणि एक कळ ढालीची. ती धरली की मार बसायचा, पण जीव थोडाच जायचा.

एवढं येऊनही मी हरायचोच. जिंकत आलो की नेमकं टेबल थरथरायचं. माझे दोन्ही हात कीबोर्डवरून उठायचे, नजर दाराकडं जायची आणि तेवढ्यात ससा बेडकाला उताणा पाडायचा. मी जनरेटरला दोष द्यायचो. एके दिवशी लाईट होती, जनरेटर बंद होता, तरी टेबल हललं. मी खाली वाकून बघितलं. पार्टनरचा गुडघा टेबलाच्या फळीला लागलेला होता.

"तूच हलवतूस?"

"कवापासनं हलवायलो! तुला आत्ता कळलं व्हय?" तो हसत सुटला. "तुझा बेडूक लई दमाचा हाय गड्या. तूच मैदान सोडून पळतूस."

मी तडक उठलो आणि एकटाच खोलीवर आलो. राग होता, त्याहून जास्त भीती होती. नुसत्या गुडघ्यानं जो उठतो, तो तीन तासांच्या पेपरात काय करणार?

पुढच्या रविवारी मीच त्याला कॅफेत घेऊन गेलो. म्हणालो, "आजबी हलव. कधी हलवणार ते सांगू नको."

त्याचं हसू गेलं. "न्हाई रे. मी मजेत करत होतो."

"मी मजेत सांगत न्हाई."

तो मनापासून तयार नव्हता, पण हलवायला लागला. पहिले काही डाव हात उडालेच. मग त्यानंच शिकवलं, "हात काढू नको. काहीच सुचंना झालं तर ढाल धर. मार खा, पण बोट उचलू नको." मी ढाल धरायला लागलो. हात राहिले तर पाय उठले. अर्धवट उभा राहून मी खेळत होतो आणि काका म्हणत होते, "बसा की आता! उभ्यानं काय आरती करता?" मग कधीतरी पायही राहिले. टेबल हलत असताना मी पहिल्यांदा ससा पाडला, तेव्हा पार्टनर माझ्यापेक्षा जोरात ओरडला. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. तो गुडघाच आहे हे मला माहीत होतं ना, मग यात काय आलं, असं मनात येत होतं.

परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या एका शाळेत, तिसऱ्या मजल्यावर. आई सोबत आली होती. मजला ऐकून तिचा चेहरा उतरला.

पेपर अर्धा झाला असेल. मालगाडी आली. खिडक्यांची तावदानं वाजायला लागली, बाक हलला, पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली. माझ्या टाचा उचलल्या. दार तीन बाकांवर होतं. मी डाव्या हाताची बोटं बाकाच्या कडेवर दाबून धरली आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. गाडी संपता संपेना. मग ती गेली आणि प्रश्न समजला.

सुटल्यावर खाली आलो तर आई मैदानाच्या मधोमध उन्हात उभी होती. सगळे पालक भिंतीच्या सावलीला, ती एकटी उघड्यावर.

"मघाशी लई हादरलं," ती म्हणाली. "मी जिन्याकडं बघत हुते. तू आला न्हाईस."

"न्हाई आलो. बसून राहिलो."

"बरं केलंस." तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं. थोडं चालल्यावर ती थांबली आणि माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "आन् खरंच आसतं तर रं?"

पुढं त्या परीक्षेनं मला इंजिनिअर केलं. त्या दिवशी मी आईच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही बसस्टँडकडं निघालो.