बायपास झाला आणि शांताबायनी खुर्ची मांडली

मंडळी, आज सकाळी गोव्यातल्या डिचोलीचा नवा बायपास सुरू झाला. माझे बाबा मूळचे दोडामार्गचे. त्यांनी आयुष्यभर डिचोलीच्या भर बाजारातून खनिजाचा ट्रक चालवला. मी त्यांना नव्या रस्त्यावरून फिरवून आणलं, तर म्हणाले, "आता बाजारात ने."

तिथे साड्यांचं दुकान असलेल्या म्हाताऱ्या शांताबाय ट्रकच्या धुळीपायी त्यांच्याशी रोज भांडायच्या. आज ट्रक बाहेरून गेल्यामुळे, एरवी धुळीपायी लोटलेलं दुकानाचं दार सताड उघडं होतं. बाबांना बघताच त्यांनी रस्त्याच्या कडेलाच खुर्ची मांडली. "बस रे, चाय घे."

बाबा हळूच म्हणाले, "बाय, तुमच्या साड्या खूप मळवल्या मी."

"तू तरी काय करतलस? रस्तो एकच होतो."

दोघं कितीतरी वेळ हसत बसले. तुमच्या गावात नवा रस्ता झाला, तेव्हा कोणाचं भांडण मिटलं?