माफ

लालबागच्या आमच्या बिल्डिंगमधली घरं पाचशे फुटांच्या आतली, म्हणून मालमत्ता कर माफ. मी खूश. समोरच्या काकांना मात्र 'माफ' हा शब्द टोचतो. बनियनमध्ये हात घालून पाठ खाजवत ते म्हणतात, "माफी गुन्हेगाराला देतात रे. थोडा तरी घ्यायला हवा. गणपतीची वर्गणी न देता मंडळाच्या मीटिंगला तोंड उघडशील काय?"

मी उघडतो, पण ते असो.

मागच्या पावसाळ्यात तुंबलेलं गटार उपसायला पालिकेची माणसं आली. मी गॅलरीतून त्यांना सूचना देत होतो. काका किटली घेऊन खाली उतरले. "टॅक्स घेत नाही, निदान चहा तरी घ्या."

आता गटार तुंबलं की तक्रारीचा फोन मीच करतो. आधी फक्त विचारून घेतो, "काका, तो चहा आपल्या दोघांतर्फे होता ना?"