बॉनेटवर हात

दिल्लीतल्या द्वारका भागात रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचे मालक जमतात. पत्नी गेल्यावर मीही आमची जुनी गाडी आणि नवा कॅमेरा घेऊन तेथे जाऊ लागलो. मी उजेड मोजून, कोन तपासून फोटो काढतो, तरी सगळे हाक मारतात ती फरीदाबादच्या एका मेकॅनिकला, "भाईसाहब, पहले मेरी!" त्याच्याजवळ केवळ मोबाइल असतो. मालकाला बॉनेटवर हात ठेवायला लावून तो गाडीची आठवण विचारतो आणि मालक बोलत असतानाच फोटो काढतो. मला त्याचा हेवा वाटतो.

परवा त्याने मलाच विचारले, "मास्टरजी, बगल में कौन बैठता था?" मी बराच वेळ बोलत राहिलो.

त्या फोटोत मी हसतो आहे. मुलीने तो लगेच भिंतीवर लावला. माझ्या कॅमेऱ्यातला एकही फोटो तिने आजवर मागितलेला नाही.