बावखलातलं ध्यान

लग्न होऊन मी गास गावातल्या वाडीत आले तेव्हा चतुर म्हणजे उडणारा, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. आमच्या बावखलावर, म्हणजे केळी-नारळांना पाणी पुरवणाऱ्या वाडीतल्या जुन्या तळ्यावर, लालभडक चतुर दिवसभर मिरवायचे. पिकलेल्या मिरचीसारखे लाल, डोळ्यांपासून शेपटीपर्यंत! प्रत्येकाची बसायची काडी ठरलेली. दुसरा कोणी तिथे टेकला की लगेच मारामारी. मी तर खुळीच झाले होते त्यांच्यापायी.

वैशाखात बावखल आटत आलं आणि घरातल्या सगळ्यांनी गाळ काढायला घेतला. तो माडांच्या आळ्यात टाकायचा, दर वर्षीची रीत. मीही पदर खोचून घमेली उचलत होते, तर चिखलात काहीतरी वळवळलं. सहा पाय, बटबटीत डोळे, रंग गाळाचाच. मी अशी किंचाळले की शेजारच्या वाडीतले लोक धावत आले. मोबाइलवर शोधलं तर काय, अहो, हे चतुराचं पिल्लू! मादी शेपटीचं टोक पाण्याला टेकवत अंडी सोडते, त्यातून हे निघतं आणि पाण्याखालीच कात टाकत मोठं होतं. आणि आम्ही घमेल्या-घमेल्याने ही पिल्लं माडाखाली वाळत घालत होतो! मला भरूनच आलं.

"आई, निदान तो पलीकडचा कोपरा सोडा ना," मी सासूबाईंना म्हटलं.

"झुरळासाठी गाळ सोडू?"

"झुरळ नाहीये! यातून लाल चतुर निघणार आहे. पैज लावते!"

झालं. पैज म्हटल्यावर सासूबाई मागे हटणाऱ्या नव्हेत. घरात त्या आपल्या बोलीत बोलतात. ती इथे लिहायला जाऊन चुकले तर माझी धडगत नाही, म्हणून सरळ सांगते. लाल चतुर निघाला तर पुढच्या वर्षीपासून कोपरा माझा. नाही निघाला तर गाळाच्या बाबतीत मी तोंड उघडायचं नाही. आणि तोंड बंद ठेवणं हे माझ्यासाठी काय आहे, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

चिखलातलं ते ध्यान मुरांब्याच्या काचेच्या बरणीत गेलं. घराला नुसतं वेड लागलं! ते मागच्या बाजूने श्वास घ्यायचं आणि तिकडूनच पाण्याची पिचकारी मारून सुळकन पुढे जायचं. सासरे हसून हसून खोकायला लागले. डासांच्या अळ्या टाकल्या की त्याचा खालचा ओठ हातासारखा लांब बाहेर यायचा, अळी गट्टम! सासरे हातातला चहा सोडून अळ्या शोधत फिरायला लागले. सासूबाई मात्र बरणीकडे बघायच्याच नाहीत. निदान मला तसं वाटायचं.

मग त्याने खाणं सोडलं. दोन दिवस पाण्याच्या वर डोकं काढून बसलं. बाहेर यायची वेळ झाली, हे मला कळलं, म्हणून मी मोठ्या हुशारीने बरणीत प्लास्टिकची नळी उभी केली. ते बिचारं चढायचं आणि घसरायचं, चढायचं आणि घसरायचं. मी हवालदिल. सासूबाई आल्या, नळी काढून फेकली आणि नारळाच्या झावळीचा हीर, म्हणजे खराट्याची काडी, खोचला.

"गुळगुळीत नळीवर तू तरी चढशील का?"

पहाटे ते हिरावर चढलं. पाठ उकलली. आधी डोकं, मग पाय, मग चुरगळलेले पंख! पंख हळूहळू पसरत गेले. मी नाचायचीच बाकी होते. सगळ्यांना हाका मारून उठवलं. उजाडलं, नीट दिसलं आणि माझं तोंड उतरलं.

चतुर पिवळा होता.

"अहो, नरसुद्धा आधी मादीसारखे पिवळेच असतात, नंतर लाल होतात!" मी कळवळून सांगत होते.

"निघाला तेव्हा काय होता?" सासूबाईंनी विचारलं.

"पिवळा."

"मग?"

तेवढ्यात तो खिडकीतून उडून गेला. मी न्हाणीघरात जाऊन चक्क रडले.

यंदा पुन्हा गाळ निघाला. शब्द म्हणजे शब्द, मी ओठ घट्ट मिटून घमेली वाहत होते. फावडी पलीकडच्या कोपऱ्याकडे सरकली तशी मी घमेलं खाली ठेवून मान वळवली. बघते तर सासूबाई लुगडं वर खोचून कोपऱ्यातल्या चिखलात उभ्या. माझ्या नवऱ्याने फावडं उचललं, तशा त्या गरजल्या, "इथे कोणी हात लावायचा नाही!"

मला राहवेना. "पण आई, मी तर हरले होते ना?"

"हरलीस ना," त्या म्हणाल्या. "तू हरलीस. चतुर कुठे हरला?"